रफार

अक्षरामागे बावीस रुपये, असा ठराव आहे.
जोडाक्षर एकच धरायचं,
हे लेखा विभागातल्या रोडे बाईंनी
पेनाच्या टोकानं मोजून दाखवलं:
शास्त्र म्हणजे दोन.
मी म्हटलं, मॅडम, त्या 'स्त्र'त तीन जण बसलेत
एका सायकलवर.
त्या हसल्या. बिल दोनचंच झालं.

एप्रिल. अमरावती रोडनं ट्रक गेला
की ग्रंथालयाच्या काचा वाजतात.
परीक्षा भवनासमोर रांग,
डोक्याला दुपट्टे, खिशात कांदा,
फेरमोजणी, नावात दुरुस्ती,
आणि खिडकीवर माझ्याच हातची पाटी:
येथे चौकशी करू नये.

गणिताची पाटी आधी केली, तिथं सावली होती.
पाली-प्राकृतच्या सरांनी
वाळा घातलेलं माठातलं पाणी दिलं, दोनदा.
भाषाशास्त्राच्या दारात दोन पोरं भांडत होती,
'करतो आहे' बरोबर की 'करून राहिलो'.
मी शिडीवरून ओरडलो,
काम करून राहिलो बाप्पा, बाजूले सरका!
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

सूक्ष्मजीवशास्त्राला सहा अक्षरं,
देव त्यांचं भलं करो.

भूगर्भशास्त्र शेवटी आलं.
व्हरांड्यात दगड मांडलेले, प्रत्येकाला नंबर,
हजेरीला उभे केल्यासारखे.
ऊन असं, की निळा रंग ब्रशवरच वाळत होता.
कसंबसं संपवलं, उतरलो, डबा उघडला.

"काका, र कुठी गेला तुमचा?"

वनमाला मडावी, सिरोंच्याची,
एम.एस्सी.चं दुसरं वर्ष; हे नंतर कळलं.
वर पाहिलं.
भूगभशास्त्र.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा रफार विसरलो.

शिडी एवढी तापलेली, हात लावता येईना.
"थांबा जरासे," ती म्हणाली, "तवरक हे पाहा."
ओढणीत धरून एक तांबूस दगड आणला,
मधोमध फोडलेला,
आणि आत
पान.

शिरांसकट.
मधली जाड शीर, तिच्यापासून जाळी सुटलेली,
एका कडेला थोडं कुरतडलेलं,
कुणी कुरतडलं असेल?
"पंचवीस कोटी वर्षं," ती म्हणाली,
पंचवीस मिनिटं बस लेट आहे, अशा आवाजात.
कुठलं?
"कामठीचं."

मी कामठीचा.
रोज लुनाला शिडी बांधून येतो.
घरामागं खदान होती, आता तिथं प्लॉट पडलेत.
त्याच खदानीच्या दगडावर मी
कोळशानं पहिल्यांदा 'क' काढला,
आणि बापानं कान पिळला,
काना कुठं, मात्रा कुठं, भिंत कुणाची.
त्या दगडाच्या पोटात
काय काय लिहून ठेवलं होतं, कोणाले माहीत.

"आन् ह्या खडकायचं नाव," ती म्हणाली,
"साऱ्या दुनियेत गोंडवन. आमचं.
पेपरात दरसाल येते, पाच मार्काले."
दगड परत जागेवर ठेवला, नंबर पुढं करून,
आणि पळाली.
तीनला तिची तोंडी परीक्षा होती.

मी डबा तसाच सोडून चढलो.
रफार काढला. थोडा जाड आला.
वाळायला फुंकर घातली, जिची गरज नव्हती.

पुढल्या वर्षी म्हणे सगळीकडे फ्लेक्स.
येऊ दे.

बिल: भूगर्भशास्त्र, अक्षरं पाच, एकशे दहा.
रफाराचे काही नाहीत.
रोडे बाई म्हणाल्या, ते अक्षर थोडंच आहे,
नंतर वरून लावलेलं.
मी म्हटलं, नाही मॅडम,
तो आधीच बोलला जातो.
लिहितो आपण उशिरा.